एका जाणकाराची पसंती

फॉर्मच्या सातव्या रकान्यात 'वस्तूचा उपयोग' असं विचारलं होतं. संहिताने तिथे 'काही नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि फॉर्म दौलतरावांच्या हातात दिला. आपण काही मोठं करतो आहोत असं तिला त्या वेळी वाटलं नाही. चहा गार होत होता आणि दौलतराव उठायचं नाव घेत नव्हते, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दौलतराव कॉलनीच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष होते. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. फौज गेली, पण पहारा रक्तात राहिला. इंदूरमध्ये स्वच्छतेची पाहणी जवळ आली की लग्नघरासारखी धांदल उडते. पहिल्या नंबराची एकदा सवय लागली की तो जाईल ही धास्तीही लागते, आणि अन्नपूर्णेच्या मंदिराजवळच्या त्या कॉलनीत ही धास्ती दौलतरावांच्या रूपाने सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारत असे.

"वहिनीसाहेब, वाईट नका मानू," ते संहिताच्या आईला म्हणाले. "रघुवीरभाऊ होते तोवर मी एक शब्द बोललो का? पण ते जे पीछे निघालंय ना, ते सरळ रोडवर येतं. समितीत सगळे मलाच पूछतात."

"जाणारच आहे ती गाडी," आई म्हणाली. "रविवारी मानपुरचा माणूस येतोय घ्यायला. या पोरीनेच ठरवलंय सगळं."

"तर मग टेन्शनच नाही. तोवर रोडवर आलेल्या वस्तूंचा फॉर्म तर लागेल."

पीछे जे निघालं होतं ते म्हणजे दोन पंख.

रघुवीर मोघे कार्तिकात गेले. मागे पत्नी, एक मुलगी, भिंतभर पुस्तकं आणि एकोणीसशे अठ्ठावन्न सालची डॉज गाडी एवढं ठेवून गेले. त्या काळात अमेरिकेतल्या मोटारवाल्यांना गाड्यांना पंख लावायची हौस आली होती. पुढून ही गाडी गाडीसारखीच होती. मागे जाता जाता मात्र तिचा विचार बदलत गेला असावा. दोन्ही बाजूंचा पत्रा हळूहळू वर चढत जाई आणि शेवटी दोन उंच टोकदार पंख होऊन हवेत थांबे. रंग पिस्त्याचा, छप्पर सायीच्या रंगाचं. पंखांच्या मुळाशी लाल दिवे.

घराचा पोर्च पंधरा फुटांचा होता आणि गाडी साडेसतरा. दुसऱ्या कुणी गाडी विकली असती किंवा पोर्च वाढवला असता. रघुवीरराव पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉईंग शिकवत. त्यांनी फाटकाचं समोरून, बाजूने आणि वरून असं रेखाटन काढलं आणि लोहाराकडून पत्र्याच्या दोन्ही फळ्यांना बरोबर पंखांच्या आकाराच्या खाचा पाडून घेतल्या. फळ्या बाहेर उघडल्या की पंख सुटे. फळ्या लावल्या की गाडी आत आणि पंख बाहेर. चाळीसहून अधिक वर्षं त्या गल्लीतल्या लोकांना मोघ्यांच्या फाटकातून दोन पंख आपल्याकडे बघत असल्याची सवय झाली होती. सवय झाली म्हणजे पसंती होती असं नाही. आई त्या गाडीला 'मगर' म्हणायची. दौलतराव 'राकेट' म्हणत. छत्रीबागेतली यमुनामावशी म्हणायची, "पुढून शहाणी नि मागून पदर सुटलेला." एका दिवाळीला घरी आलेले वडिलांचे एक सहकारी मात्र गाडीमागे पाच मिनिटं गप्प उभे राहिले आणि "व्वा" एवढंच म्हणून जेवायला बसले. त्यांच्या त्या 'व्वा'वर घरात आठवडाभर वाद झाला.

संहिताचं मत पक्कं होतं. तिचं सगळं बालपण त्या गाडीने वाया घालवलं होतं. शाळेत तिला 'पंखवाली' म्हणत. मागून येणारा प्रत्येक सायकलवाला खिडकीशी येऊन "उड़ती है क्या?" असं विचारून जायचा. ती आता सत्तेचाळीस वर्षांची होती, पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयाची प्रमुख होती, पण कुणी पाठीमागून हसलं की अजूनही तिला आधी ती गाडीच आठवे.

खरं तर तिचा राग गाडीवर नव्हता, एका माणसावर होता. वडील गरजेबाहेरची पेन्सिल न घेणारे. घरातल्या प्रत्येक वस्तूला 'हिचं काम काय' असं विचारणारे. त्यांनी ही बिनकामाच्या पंखांची गाडी घेतलीच कशी, असं कुणी विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे: "एका जाणकाराने पसंत केली."

"कोण जाणकार?"

"आहे एक. त्याच्या मतापुढे माझं चाललं नाही."

यापुढे ते कधी गेले नाहीत. लहानपणी संहिताला वाटायचं की तो इंदूरच्या कापडमिलमधला कुणी गोरा इंजिनीअर असेल. पुढे तिचा संशय एका लांबच्या काकांवर गेला. काका वारले तेव्हा तो संशय तिने सोडून दिला. पण तो जाणकार कधी भेटलाच तर त्याला काय सुनवायचं, हे वाक्य तिने मनात घासूनपुसून तयार ठेवलं होतं.

आणि एक गोष्ट राहून गेली होती. ती संहिता कुणाला सांगत नव्हती.

रघुवीररावांचे वडील संस्थानाच्या काळात शाळातपासनीस होते. शाळा तपासून झाली की साहेबाने शेरेबुकात आपलं मत लिहून सही करायची, ही घरातली रीत. रघुवीररावांनी ती गाडीला लावली. समोरच्या कप्प्यात दोरीने पेन बांधलेलं एक शेरेबुक असे. गाडीत जो बसेल त्याने उतरताना त्यात गाडीबद्दल शेरा लिहायचा, खरा लिहायचा, आणि एक नियम कडक होता: मागचे शेरे वाचायचे नाहीत. "दुसऱ्याचं उत्तर बघून लिहिलेल्या पेपराला मी शून्य देतो," असं ते म्हणत. कप्प्याची किल्ली त्यांच्याच खिशात असे.

चौदाव्या वर्षी संहिताने लिहिलं होतं, 'मला शाळेच्या दोन गल्ल्या आधी सोडत जा.' त्यानंतर तिने काही लिहिलं नाही. दर दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून झाली की वडील पुस्तक पुढे करत. "संहिता, शेरा?" ती म्हणायची, "पुढच्या वर्षी, बाबा." नोकरी लागल्यावर ते फोनवर विचारत आणि ती फोनवर तेच सांगे. गेल्या दसऱ्यालाही विचारलं होतं. दसरा आणि कार्तिक यांच्यात अंतर किती असतं, हे तेव्हा कुणी मोजत नव्हतं.

म्हणून गाडी जायला हवी होती. ती पोर्चमध्ये होती तोवर प्रत्येक वेळी घरात शिरताना कुणीतरी पुस्तक पुढे करत आहे असं तिला वाटे.

मानपुरचा पीयूष आग्रा-मुंबई रस्त्यावर ढाबा चालवत होता. त्याने फोटो बघूनच होकार दिला होता. "दीदी, मैं तो फिदा हो गया," तो फोनवर म्हणाला होता. "गाड़ी को दीवार में चुनवा दूंगा. सिर्फ पंख बाहर. उनके नीचे फैमिली लोग फोटू खिंचवाएंगे."

"आणि बाकीची गाडी?"

"बाकी का क्या है दीदी, दीवार में किसको दिखता है."

ही गोष्ट तिने आईला सांगितली तेव्हा आई तांदूळ निवडत होती. "बरं," एवढंच आई म्हणाली आणि निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

शनिवारी दोघी छत्रीबागेत यमुनामावशीला बघायला गेल्या. मावशीने सोडता सोडता संध्याकाळ केली. परत येऊन रिक्षातून उतरल्या तर फाटकापाशी ही गर्दी. मोबाइल वर करून लोक फोटो काढत होते.

फाटकातून बाहेर आलेला डावा पंख आता मासा झाला होता. नारिंगी, खवल्याखवल्यांचा, लाल दिव्याचा डोळा केलेला. उजवा पंख मोर झाला होता. फाटकाच्या फळ्यांवर निळ्या लाटा होत्या, त्या मोराच्या बाजूला जाता जाता झाडं होत होत्या. हे सगळं फाटकाच्या बाहेर होतं तेवढंच. आतली गाडी तशीच पिस्त्याच्या रंगाची, धुळीत, काही न घडल्यासारखी उभी होती.

शिडीवर बसलेली मुलगी, आर्ट कॉलेजची खुशी, हातातला ब्रश सांभाळत उतरली. "आंटी, कसं वाटलं? सच्ची बोला!"

"हे कुणी सांगितलं करायला?" संहिताने विचारलं.

"लिस्टमध्ये तर होतं. 'बेकार से बेमिसाल' कॉम्पिटिशन. ज्या चीजचा काहीच उपयोग नाही, तिला पेंट करायचं. तुमचंच तर नाव पहिलं होतं."

फॉर्मला पाठ असते, आणि पाठीवरही मजकूर असतो, हे ग्रंथालयात पंचवीस वर्षं घालवलेल्या बाईला माहीत असायला हवं होतं. उपयोगाच्या वस्तू मालकाने आत घ्याव्यात, निरुपयोगी वस्तू स्पर्धेसाठी समितीच्या ताब्यात समजल्या जातील, असं मागे स्वच्छ छापलं होतं.

"आणि एकीकडे मासा, एकीकडे मोर?"

"दौलत अंकल बोलले, मछली शुभ असते. मला मोरच करायचा होता. मग मी बोलली, दोन पंख आहेत ना, भांडायचं कशाला?"

दौलतराव पुढे आले. त्यांचा चेहरा स्वतःची मुलगी परीक्षेत पहिली आल्यासारखा फुलला होता. "बेटा, उद्या अकरा वाजता परीक्षक येणार. आता ही वस्तू सोमवारपर्यंत इथून हलवायची नाही."

"काका, परवापर्यंत हे अतिक्रमण होतं."

"परवा ते राकेट होतं," दौलतराव गंभीरपणे म्हणाले. "आता कला आहे."

गल्लीत दोन तट पडले. लहान मुलं माशाच्या बाजूची होती. मंदिराकडचे लोक मोराच्या बाजूचे. एक आजोबा हळहळत होते की जुने पंखच छान दिसत होते. त्याच आजोबांनी वीस वर्षांपूर्वी या पंखांना लुगडं अडकून फाटतं अशी तक्रार केली होती, हे संहिताला चांगलं आठवत होतं. आई मात्र बराच वेळ त्या माशाकडे बघत राहिली.

"बाबांनी पाहिलं असतं तर?" संहिता हळूच म्हणाली.

"खुशीला उतरवून आधी शेरा लिहायला लावला असता," आई म्हणाली आणि आत गेली.

रविवारी पीयूष नऊ वाजताच आला. ट्रक गल्लीत शिरेना, म्हणून तो मोठ्या रस्त्यावर उभा केला. नवी बॅटरी आणि पेट्रोलचा डबा घेऊन तो चालत आला आणि मासा बघून जागीच थांबला.

"दीदी, ये क्या? माल तो ओरिजिनल बोला था ना?"

"रंग निघेल."

तो मागे जाऊन, वाकून, डोळे बारीक करून बघत राहिला. "नहीं नहीं, रहने दो. मछली वाला बच्चों को जमेगा. मोर वाला... चलो, मोर भी जमेगा."

दौलतरावांनी फाटकाबाहेर खुर्ची टाकली होती. पणजोबांनंतर घराण्यात पहाऱ्याचा एवढा प्रसंग आला नव्हता. संहिताने त्यांना दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा ती शांतपणे म्हणाली, "काका, गाडी बाबांची आहे. समितीची नाही." दौलतरावांनी मान खाली घातली, पण खुर्ची सोडली नाही. सरकवली मात्र थोडी.

चार महिने बंद असलेली गाडी बॅटरी लावल्यावर तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. तिचा आवाज घरात शिरला तशी आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली. पीयूष आत बसला. एक मिनिट झालं, दोन झाली.

"दीदी, इसमें गियर किधर है?"

गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता आणि रिव्हर्स घालायला दांडा आधी आपल्याकडे ओढून मग वर न्यावा लागे. हे आता जगात एकाच व्यक्तीला माहीत होतं. एकोणिसाव्या वर्षी वडिलांनी तिला रेटून याच गाडीवर शिकवलं होतं. "हिच्यावर शिकलीस तर पुढे काहीही चालवशील." संहिता आत बसली. सीट वडिलांच्या मापाला होती. तिने ती पुढे ओढली नाही, नुसती पुढे सरून बसली.

पीयूषने फाटकाची कडी काढली. फळ्या हलल्या नाहीत. त्याने धक्का दिला. "नया कलर है दीदी, चिपक गया. गाड़ी सरकेगी तो अपने आप छूटेगा."

तो रंग नव्हता. चित्र सलग दिसावं म्हणून खुशीने पंख आणि खाच यांच्यामधली फट पुट्टीने भरून काढली होती, आणि काम मन लावून केलं होतं. रात्रभरात पुट्टी दगड झाली होती.

संहिताने दांडा ओढला, वर नेला आणि क्लच सोडला. गाडी थरथरली, हट्टाने एक पाऊल मागे गेली आणि मग 'खडाक, खडाक' असे दोन आवाज झाले. ते चाळीस वर्षांच्या बिजागऱ्यांचे होते. पुट्टीपेक्षा त्याच थकलेल्या निघाल्या. मोघ्यांची डॉज फाटकासकट गल्लीत आली.

"रोको! दीदी, रोको! दरवाजा साथ में आ रिया है!" पीयूष ओरडला.

गल्लीला मंदिराच्या बाजूने थोडा उतार होता. संहिताने स्टिअरिंग फिरवून गाडी गल्लीत वळवली आणि ब्रेक दाबला. ब्रेकने विचार करायला वेळ घेतला. गाडी आपल्या तंद्रीत मागे मागे जात राहिली. दोन्ही पंखांना एकेक फळी घट्ट चिकटलेली, दोन्ही बाजूंना पसरलेली, डावीकडे निळं पाणी, उजवीकडे रान, आणि उजव्या फळीवर 'रघुवीर मोघे' ही पितळी पाटी. दौलतराव खुर्चीसकट ओट्यावर चढले. पोरं टाळ्या वाजवत पुढे पळाली. गल्लीतल्या सगळ्यांनी इतकी वर्षं त्या पंखांना नावं ठेवली होती. आज पहिल्यांदा ते एवढे मोठे झाले की नावं ठेवायला तोंड उघडेपर्यंत गाडी पुढे गेलेली होती.

ती थांबली तेव्हा गल्ली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बंद झाली होती. आणि मागून गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली.

ड्रायव्हरने गाणं बंद केलं, मान बाहेर काढली आणि मासा, मोर, फाटक आणि पाटी असं क्रमाने पाहिलं. "काय हो दौलत साहेब," तो म्हणाला, "ये सूखे में डालूं कि गीले में?"

"अरे गप! कला आहे ती!" दौलतराव ओट्यावरून ओरडले आणि एकदम सावरून उभे राहिले, कारण कचऱ्याच्या गाडीमागून हातात पॅड घेतलेल्या एक बाई अंग चोरून वाट काढत येत होत्या. अकरा वाजले होते. परीक्षक रुपाली मॅडम वेळेवर आल्या होत्या.

त्यांनी गाडीभोवती जमेल तेवढी फेरी मारली. पॅडवरचा कागद वाचला. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ये चलती है?"

"नाही नाही मॅडम," दौलतराव म्हणाले. "चलती वगैरे काही नाही. जरा... सरकली."

"मेरे सामने वहां से यहां आई है. नियम चार. वस्तु निरुपयोगी होनी चाहिए. जो गाड़ी चलती है, वो निरुपयोगी कैसे?"

"पण फॉर्ममध्ये मालकाने स्वतः लिहिलंय मॅडम!" दौलतरावांनी खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला. "हा बघा, सातवा रकाना. उपयोग: काही नाही."

"तो मालिक मेरे सामने फिर से लिखकर दें. देखकर. तब मानूंगी."

दौलतराव खिडकीपाशी आले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "संहिता बेटा, एक लाइन लिहून दे ना. कुछ काम की नहीं है, बस. तुझा तर ओपिनियन आधीपासून तोच आहे. पूरी कॉलनीला माहीत आहे."

"पेन नाही माझ्याकडे," संहिता म्हणाली.

"माझंही घरी..."

पेन कुठे असतं हे तिला माहीत होतं. तिने गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यातली सगळ्यात लहान किल्ली शोधली आणि समोरचा कप्पा उघडला. दोरीने बांधलेलं पेन होतं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला शेरेबुक होतं. पेन सोडवायचं तर पुस्तक बाहेर काढायलाच हवं होतं, आणि बाहेर काढताना ते शेवटच्या पानावर उघडलं.

मागचं वाचायचं नाही. तिने डोळे वळवलेही. पण त्या पानावर तिचंच नाव होतं.

'दसरा. चि. संहिता: पुढच्या वर्षी.'

त्याच्यावर मागच्या दसऱ्याची ओळ होती. 'चि. संहिता: पुढच्या वर्षी.' त्याच्यावर त्याच्या मागच्याची. ड्रॉईंगच्या कागदावर असतात तसल्या सुबक, उभ्या अक्षरांत वडिलांनी एकही वर्ष न चुकवता तिचा शेरा नोंदवून ठेवला होता. ती पानं उलटत गेली. 'पुढच्या वर्षी'ची रांग चौदा वर्षांच्या तिच्या स्वतःच्या अक्षरापाशी संपली. 'दोन गल्ल्या आधी सोडत जा.' खाली वडिलांच्या अक्षरात: 'सूचना योग्य. अंमल सुरू.' आणि तिला आठवलं की खरंच, त्यानंतर ते तिला दोन गल्ल्या आधीच सोडत असत.

तिने पहिलं पान उघडलं.

'गाडी मिलच्या मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर सहकुटुंब पाहिली. माझे मत: यंत्र उत्तम. मागील पंख निरर्थक, दिसायला बेढब. गाडी घेऊ नये. सौ. सुमनचे मत: नको. जाणकाराचे मत (चि. संहिता, वय वर्षे चार): "हिला पंख आहेत. लवकर घरी न्या, नाही तर उडून जाईल." निर्णय: जाणकाराचे मत ग्राह्य. गाडी घेतली.'

कचऱ्याच्या गाडीने हॉर्न दिला. कुणीतरी त्याला गप्प केलं. संहिता ते पान दुसऱ्यांदा वाचत होती. मनात इतकी वर्षं तयार ठेवलेलं वाक्य, जाणकाराला सुनवायचं, ते आता कुणाला सांगायचं हे तिला कळेना.

दुसऱ्या खिडकीशी आई उभी होती. ती कधी आली ते कळलंच नव्हतं.

"तुला माहीत होतं?" संहिताने विचारलं.

"मी तर तिथेच होती ना. तू पंखाला मिठी मारून बसलीस. सोडेचनास."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"त्यांनी बंदी केली होती. म्हणाले, कळलं तर पोरीवर उगाच ओझं होईल. मग तिला मोकळेपणी नावं ठेवता येणार नाहीत."

संहिताने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग ती हसली, आणि मग थोडा वेळ तिने तोंड पीयूषच्या बाजूला केलं नाही.

"दीदी?" पीयूषने काचेवर हळूच टकटक केलं. "तो फिर ले चलूं? ट्रक खड़ा है."

"पीयूष भिया, गाडी नाही देता येणार."

"ऐसा मत करो दीदी! मैंने तो दीवार का काम चालू करवा दिया!"

संहिताने आरशात पाहिलं. आरशात पंख नव्हते, फळ्याच फळ्या होत्या. "तुम्हाला फोटोसाठी भिंतीत बसवायला काहीतरी हवंय ना? हे फाटक न्या. पाटी तेवढी काढून द्या."

पीयूष मागे गेला. डाव्या फळीपासून उजव्या फळीपर्यंत चालला. खाचांभोवती हात फिरवून पाहिला. "इसमें से मुंडी निकालकर फोटू खिंचवा सकते हैं," तो स्वतःशीच म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "दीदी, ये तो और बढ़िया है!"

"मैडम इंतजार कर रही हैं," दौलतराव कळवळून म्हणाले. त्यांनी फॉर्म खिडकीतून आत दिला. "बेटा, एक शब्द. कॉलनीची इज्जत आहे."

संहिताने फॉर्म शेरेबुकावर ठेवला. दोरी आखूड होती, म्हणून तिला वाकून लिहावं लागलं. सातव्या रकान्यातलं 'काही नाही' तिने एका रेघेने खोडलं. त्यावर काही लिहिलं, खाली सही केली, 'जाणकार' असं कंसात घातलं आणि फॉर्म परत दिला.

दौलतरावांनी तो लांब धरून वाचला. मग रुपाली मॅडमनी वाचला. मग दौलतरावांनी पुन्हा वाचला.

"याचा काय मतलब, बेटा?"

रकान्यात लिहिलं होतं: 'आहे. काय ते पुढच्या वर्षी सांगते.'